आवाजाआधीचा आवाज

कॅसेटची फीत उष्णतेत फार दिवस पडून राहिली, की तिच्यात एक विलक्षण दोष निर्माण होतो. गुंडाळीतला एक वेढा दुसऱ्या वेढ्याला टेकलेला असतो आणि एकातला आवाज हळूहळू शेजारच्यात उतरतो. मग ऐकताना, माणूस बोलू लागण्याच्या क्षणभर आधी, फार दुरून आल्यासारखे त्याचेच शब्द कानी पडतात. आणि लगेच तो ते शब्द खरोखर बोलतो. दोह्यात आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक कॅसेटींत हा दोष होता. अमेरिकेहून निघून टपालपेटीत पडेपर्यंत त्या विमानतळाच्या गोदामात, टपालाच्या गाडीत आणि शेवटी त्या लोखंडी पेटीतच भाजून निघत. तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा हेडफोन काढून मागे वळून पाहिले होते. खोलीत कोणी नव्हते. खिडकीतला एसी तेवढा घरघरत होता.

मी त्या वेळी चाळिशीला टेकले होते आणि लग्नानंतरची पहिली नोकरी करत होते. ती नोकरी कसली, हे पुण्याच्या नातेवाइकांना समजावून सांगणे मला कधी जमले नाही. अमेरिकेत ज्या खेळाला फूटबॉल म्हणतात, तो अगदी आरंभीच्या काळात पैसे घेऊन खेळलेल्या माणसांच्या आठवणी मी कॅसेटवरून ऐकून टाइप करत असे. आणि तेही कतारमध्ये बसून. माझ्या सासूबाईंनी पत्रात विचारले होते, की हे काम सरकारी आहे का. मी ‘तसे नाही’ एवढेच लिहिले.

काम देणारे गृहस्थ माझ्या यजमानांच्या कंपनीत नकाशांच्या दप्तराचे प्रमुख होते. पेनसिल्व्हेनियातल्या कोळशाच्या खाणींच्या मुलखातले, साठी ओलांडलेले, दारातून आत येताना खांदे किंचित तिरके करणारे प्रचंड देहाचे. कंपनीतली सगळी मंडळी त्यांना साहेब म्हणत. मी सर म्हणत असे. दिवसा ते तेलविहिरींचे आणि नळांचे नकाशे सांभाळत. बाकीचा सगळा वेळ त्यांनी एका गोष्टीला दिला होता. त्यांच्या मुलखात दोन महायुद्धांच्या दरम्यान गावोगावी व्यावसायिक संघ निघाले होते. खेळाडू आठवडाभर खाणीत किंवा गिरणीत राबत, रविवारी चामड्याची टोपी घालून मैदानात उतरत आणि सामना संपल्यावर पाकीट घेऊन घरी जात. दोन-चार वर्षांत संघ बुडे, मैदानावर घरे उठत आणि उरे ते फक्त गावच्या वर्तमानपत्रातले कात्रण. त्या कात्रणावरही विसंबता येत नसे, कारण खेळाडूंची नावे खोटी असत. कॉलेजात शिकणाऱ्या मुलांना पैसे घेऊन खेळण्याची बंदी होती. म्हणून ती शनिवारी कॉलेजसाठी स्वतःच्या नावाने खेळत आणि रविवारी दुसऱ्याच कोणाच्या तरी. त्या खोट्या नावांमागचे खरे माणूस कोण, हे आता फक्त जिवंत असलेले म्हातारे खेळाडू सांगू शकत होते.

“एक म्हातारा गेला, की त्याच्याबरोबर अर्धा संघ जातो,” सर म्हणत. “आधी ते संपतात की मी, एवढाच प्रश्न आहे.” असे म्हणून ते मोठ्याने हसत. सुरुवातीला मीही हसत असे.

या कामात मी पडले ती एका चकलीमुळे. सत्तरचे दशक सरत आले होते. दिवाळीच्या फराळाला यजमानांनी सरांना आणि त्यांच्या पत्नीला अल नस्र वस्तीतल्या आमच्या फ्लॅटवर बोलावले होते. मी स्वयंपाकघर आणि बैठकीची खोली यांच्यामधल्या दारात उभी राहून ताटे भरत होते; ती माझी आवडती जागा. तिथून सगळे ऐकू येई आणि कोणी काही विचारत नसे. सरांनी मात्र चकली मोडता मोडता थेट मला विचारले, की मी काय शिकले आहे. उत्तर यजमानांनीच दिले : इतिहासात एम. ए., शिवाय लग्नाआधी दोन वर्षे एका संशोधन संस्थेत मोडी कागदांच्या नकला करत होती.

“नक्कल करताना मूळ कागदात चूक असेल तर काय करता?” सरांनी विचारले.

हा प्रश्न मला त्या देशात कोणी विचारील असे वाटले नव्हते. “चूक तशीच ठेवायची,” मी म्हणाले.

“आणि कागद फाटलेला असेल तर?”

“जेवढी अक्षरे गेली असतील, अदमासे तेवढे ठिपके.”

त्यांनी चकली ताटात ठेवली आणि पत्नीकडे असे पाहिले, जसे एखाद्याला परक्या गावात आपल्या आळीतले माणूस भेटावे.

पुण्याच्या संस्थेत आमचे एक वृद्ध गुरुजी होते. ‘मक्षिकास्थाने मक्षिका’ हा शब्दप्रयोग लोक हेटाळणीने वापरतात. गुरुजी तो आज्ञेसारखा वापरत. लेखकाने एक ओळ दोनदा लिहिली असेल तर दोनदा लिहायची. ‘त्याचा हात थरथरला असेल, पोरी, त्याला झोप आली असेल, तो घाबरला असेल. तू ओळ गाळलीस, की तो माणूस गाळलास. दुरुस्ती करणारी तू कोण?’ एरवी मी कुठल्याच गोष्टीत ठाम नव्हते आणि आजही नाही. पण एवढा एक नियम माझ्या हातात उतरला होता, आणि त्याची गरज असलेला माणूस मला वीस वर्षांनी वाळवंटात भेटला.

सरांनी कार्यालयातले एक जुने यंत्र आमच्याकडे पाठवले. पायाखाली पेडल दाबले की कॅसेट चाले, सोडले की थांबे. शिवणयंत्राची सवय असल्याने ते मला लवकर साधले. दर मंगळवारी दुपारी कंपनीची गाडी मला समुद्राकडच्या त्यांच्या बंगल्यावर नेई. मी पाने देत असे, ते वाचत, शंका विचारत. शेजारच्या खोलीत त्यांच्या पत्नी विणकाम घेऊन बसत आणि मधले दार सताड उघडे ठेवत. परक्या घरच्या बाईला संकोच वाटू नये म्हणून त्या असे करतात, अशी माझी समजूत होती आणि त्यांच्याबद्दल मला त्यासाठी फार आदर वाटे.

खेळ मला कधी नीट कळला नाही. यजमानांनी तो एका वाक्यात निकालात काढला होता. “अगं, कबड्डीच ती. चेंडू तेवढा जास्तीचा.”

“कबड्डीत श्वास धरतात. हे डोक्याने धडकतात.”

“मग डोकं जास्तीचं म्हण.”

मी हसले खरी. पण काही महिन्यांत त्या कॅसेटींतले एक वाक्य मला सतावू लागले. वेगवेगळ्या गावांतले, एकमेकांना कधीही न भेटलेले म्हातारे ते जवळजवळ सारख्याच शब्दांत बोलत. बर्फातला सामना, समोरून आलेला धक्का, डोक्यात घंटा वाजावी तसा नाद. कोणीतरी नाकाशी अमोनियाची कुपी धरली, आणि पुन्हा मैदानात. “मध्यंतरानंतरचं मला काही आठवत नाही. मला सांगतात, आम्ही जिंकलो.” हे सांगताना प्रत्येक जण हसे. ती त्यांच्या आयुष्यातली सर्वांत गमतीची गोष्ट होती. माझ्या कानात मात्र ते वाक्य दोनदा येई : आधी ते दुरून आलेले, फिकट, आणि मग खरे. मला असे वाटू लागले, की हसण्याच्या आधी येणारा तो आवाज हसत नाही.

शिवाय काही जण दोनदा ध्वनिमुद्रित झाले होते. सर दरवर्षी वार्षिक रजेवर जात तेव्हा टेपरेकॉर्डर घेऊन या म्हाताऱ्यांची घरे पालथी घालत आणि कॅसेटी टपालाने दोह्याला पाठवत. एका माजी खेळाडूची पहिली कॅसेट मी टाइप केली तेव्हा तो माणूस आपल्या संघातल्या प्रत्येकाचे खरे नाव, खोटे नाव आणि खाणीतली पाळी धडाधड सांगत होता. दोन वर्षांनंतरच्या कॅसेटीत त्याच माणसाच्या मागे एका बाईचा आवाज होता. “सांगा ना त्यांना, रेल्वे चुकली होती ती गोष्ट.” थोडी शांतता; मी तिथे ठिपके दिले. “कुठली रेल्वे?” मग ती गोष्ट त्या बाईनेच सांगितली, अगदी त्याच्या शब्दांत. ती सांगत असताना तो ‘वा!’ म्हणत होता, पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखा.

ते पान सरांनी वाचून बाजूला ठेवले. मग म्हणाले, “तुम्ही ठिपके बरोबर दिलेत.” आणि थोड्या वेळाने, “घाई करायला हवी.”

यजमानांच्या हाताखाली साताऱ्याकडचा एक ड्राफ्ट्समन होता. सरांच्या दप्तरातच त्याचे टेबल. बायकामुलांशिवाय राहणाऱ्या त्या तरुणाला शुक्रवारी आमच्याकडे जेवण असे. आदल्या दिवशीच निरोप यायचा, ‘वैनी, उद्या पिठलं करा, बिर्याणी खाऊन कटाळलोय.’ ऐंशी साल उलटून गेल्यावरच्या एका शुक्रवारी तो भाकरी मोडता मोडता एकटाच हसू लागला.

“काय झालं?” यजमानांनी विचारले.

“काय न्हाई. सायबांनी काल परत इचारलं, तुझं लग्न झालंय का म्हणून. ह्या म्हयन्यात तिसऱ्यांदा. आन वैनी, मी तिन्ही येळा नव्यानं लाजलो.”

यजमान ठसका लागेपर्यंत हसले. मी विचारले, “मग आधी सांगितलं होतं, असं म्हणाला नाहीत?”

“छ्या! बापाच्या वयाचं माणूस. त्यांना असं तोंडावर म्हणत्यात व्हय? इचारू द्या की. इचारलं का सांगायचं.” आणि मग तो सहज बोलत गेला. साहेब हल्ली नकाशा भलत्याच खणात ठेवतात. मल्याळी कारकून संध्याकाळी सगळे खण उघडून ते जागच्या जागी लावतो. साहेब एकाच पत्राचे उत्तर दोनदा सांगतात. टायपिस्ट दुसऱ्यांदा नुसतेच यंत्र बडवतो, कागद न घालता. “सायबांना पत्ताच न्हाई. आमी लागूच देत न्हाई.” त्याच्या आवाजात अभिमान होता. “दुसरा गोरा असता तर सोडला असता. पर हे देवमाणूस.”

“बरं करता,” यजमान म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले. मी वाढायला उठले आणि स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहिले. वर्षभर, कदाचित त्याहूनही जास्त, सगळे दप्तर त्या माणसाभोवती मऊ गादीसारखे उभे होते. तो जिथे अडखळे तिथे कोणीतरी अलगद हात देई आणि हात दिल्याचे कळू देत नसे. आम्ही आपल्याकडच्या थोरामोठ्यांसाठी हेच करत आलो आहोत आणि त्याला माया म्हणत आलो आहोत. ज्याला घाई करायची होती, त्यालाच वेळ किती उरला आहे हे कळू द्यायचे नाही, असे ते चालले होते.

त्यानंतर मी मंगळवारी त्यांच्याकडे निरखून पाहू लागले. ते मला शंका विचारत आणि थोड्या वेळाने तीच शंका विचारत. मी दोन्ही वेळा उत्तर दिले. माझ्याही तोंडून दुसरे काही निघाले नाही. शेजारच्या खोलीत त्या वेळी विणकामाच्या सुयांचा आवाज थांबे. तेव्हा मला समजले, की मधले दार माझ्यासाठी उघडे नव्हते.

त्या वर्षी ते रजेवरून परतले आणि त्यांच्यामागोमाग कॅसेटींचा एक मोठा खोका टपालाने आला. सगळ्यांत वरची कॅसेट मी यंत्रात घातली. समोर बसलेला खेळाडू हा त्यांच्या गावचाच, त्यांच्याहून काही वर्षांनी मोठा. सुरुवात ठीक झाली. मग माझे पाऊल पेडलवर अडखळू लागले.

“हात कुठला मोडला होता?” हा सरांचा आवाज.

“उजवा.”

थोडा वेळ हवामानाविषयी बोलणे झाले. मग सर म्हणाले, “बरं, आता मला सांग, हात कुठला मोडला होता?”

“डावा. तू होतास की तिथे.”

“मी होतो?”

“कुठे?”

दोघेही हसले. मग सर, त्याच उमद्या, कामसू आवाजात, “तर मग हात कुठला मोडला होता?” आणि तो दुसरा, अगदी मनापासून आठवू पाहत, “कोणाचा?”

कॅसेट संपेपर्यंत असेच चालले होते. ती दोन माणसे रिकाम्या घरात एकमेकांना हाका मारत या खोलीतून त्या खोलीत जात होती आणि दोघांनाही वाटत होते, की घरात पाहुणे आहेत. आणि प्रत्येक प्रश्नाच्या आधी तोच प्रश्न दुरून, फिकट. त्या कॅसेटीत मूळ कुठले आणि पडसाद कुठला हे माझे मलाच कळेनासे झाले. दुपार होती. बाहेर इतके ऊन होते की पडद्याच्या कडा जळाल्यासारख्या दिसत होत्या, आणि माझे हात गार पडले होते.

यजमानांना मी पाने दाखवली. त्यांनी ती उभ्याउभ्याच वाचली आणि मग खुर्चीत बसले.

“एवढी पाने राहू दे,” ते म्हणाले.

“अहो, ते सगळ्यात आधी हीच मागतील.”

“मग नीट करून दे. एकदा विचारलं, एकदा उत्तर आलं. कोणाचं काय जातं?”

“उत्तर कुठलं ठेवू? उजवा की डावा?”

त्यांनी पाने पुन्हा चाळली. मग मऊपणाने म्हणाले, “हे बघ, पाहुण्याच्या हातून कप फुटला, तर आपण काय म्हणतो? राहू द्या हो, जुनाच होता. तेवढंच करायचंय. आणि माझ्या कराराचं नूतनीकरण त्यांच्याच शेऱ्यावर आहे, हेही विसरू नकोस.”

मी विसरले नव्हते. मुलीची शाळा, पुण्यातल्या फ्लॅटचे हप्ते, सगळे त्या शेऱ्यावर होते. पण मी त्या पानांकडे पाहत राहिले आणि मला दिसत गेले, की वर्षभर सगळे जण त्यांना ‘कप जुनाच होता’ असे सांगत आहेत आणि घरातले कप संपत आले आहेत. त्यांच्या यादीत अजून कितीतरी न विचारलेले प्रश्न होते. मी म्हणाले, “मी टाइप केलंय ते तसंच देणार.” आमच्या संसारात मी इतके सरळ वाक्य क्वचितच बोलले असेन. यजमानांनी वाद घातला नाही. फक्त त्या रात्री जेवताना ते दर थोड्या वेळाने माझ्याकडे पाहत होते.

मंगळवारी शमाल सुटला होता. उत्तरेकडून येणाऱ्या त्या वाऱ्याने आभाळ आणि रस्ता एकाच पिवळट रंगाचे झाले होते. ड्रायव्हरने भर दुपारी दिवे लावले होते. म्हणाला, “आज नको जायला मॅडम,” आणि तरीही नेले. बंगल्याच्या दारांच्या फटींत ओले टॉवेल कोंबलेले होते. सर टेबलाशी बसले होते. मी पाने त्यांच्यापुढे ठेवली आणि नेहमीप्रमाणे समोरच्या खुर्चीच्या कडेवर बसले.

ते वाचू लागले. पहिल्या पानावर त्यांनी पेन्सिलीने एक खूण केली. दुसऱ्या पानावर पेन्सिल थांबली. मग ती त्यांनी टेबलावर, कडेला समांतर, फार जपून ठेवली. पाने उलटत ते मागे गेले, पुन्हा पुढे आले. काचेवर वाळू चरचरत होती. शेजारच्या खोलीतल्या सुया केव्हाच थांबल्या होत्या.

“यंत्रात काही बिघाड आहे का?” त्यांनी विचारले. “फीत मागे जाऊन पुन्हा चालते, असं काही?”

“नाही, सर.”

“तुमच्याकडून दोनदा टाइप झालं असेल?”

मी नुसते ‘असेल’ म्हटले असते तरी भागले असते. दारातून त्यांच्या पत्नी आत आल्या होत्या आणि भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांचे डोळे माझ्यावर होते, आणि ते मला काय सांगत होते हे मला वाचता येत नव्हते. “नाही, सर,” मी म्हणाले. “कॅसेटमध्ये जसं आहे तसंच आहे.”

त्यांनी पत्नीकडे पाहिले. “तुला ठाऊक होतं?”

“हो.”

“आणि बोलली नाहीस?”

“बोलले,” त्या म्हणाल्या. “दोनदा. तू विसरलास.”

मग त्या माझ्याजवळ आल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, “माझं बोललेलं टिकत नाही. कागद टिकेल.” त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

सर उठून खिडकीशी गेले. खिडकीत पिवळ्या काळोखाशिवाय काही नव्हते. बऱ्याच वेळाने ते वळले आणि त्यांनी जे सांगितले त्यासाठी मी तयार नव्हते. तेही खेळले होते. खाणमालकांच्या एका छोट्या संघात, तीन हंगाम, कॉलेजात शिकत असताना, अर्थात खोट्या नावाने. इतिहास लिहिणाऱ्याने स्वतःला त्यात घुसवू नये म्हणून त्यांनी स्वतःची आठवण सर्वांत शेवटी ठेवली होती. “बाकी सगळ्यांना विचारून झालं, की मग मी,” असे ठरले होते. आता ते माझ्यासमोर बसले, टेपरेकॉर्डर माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, “विचारा.”

मी आजवर एकाही कॅसेटीत नव्हते. माझे काम ऐकण्याचे. मी बटण दाबले आणि माझ्या तोंडून कसाबसा पहिला प्रश्न गेला : “सर, तुम्ही कोणत्या नावाने खेळत होता?”

ते हसले, तोंड उघडले, आणि तसेच राहिले. चेहऱ्यावरचे हसू आधी डोळ्यांतून गेले आणि मग ओठांवरून. इतरांची खोटी नावे त्यांना पाठ होती. कोण लोहाराचा मुलगा, कोण पुढे न्यायाधीश झाला, सगळे. स्वतःचे नाव तेवढे त्या जागी नव्हते. पत्नीलाही ते ठाऊक नव्हते, लग्न त्यानंतरचे. ज्यांना ठाऊक होते ती माणसे त्या खोक्यातल्या कॅसेटींत होती, आणि त्यांच्यापैकी हे सांगू शकणारा जो शेवटचा होता, त्याला त्यांनी पुन्हा पुन्हा हाताविषयीच विचारले होते.

पुढचे काही महिने, त्यांचा करार संपेपर्यंत, आम्ही तेवढेच केले. मी विचारत असे, ते सांगत. सामने, बर्फ, चामड्याच्या टोपीचा ओला वास, सारे यायचे. काही मंगळवार स्वच्छ जात, काही नाही. शेवटी शेवटी मी एक उपाय योजला. त्या संघाच्या छापील निकालांत ज्या खेळाडूंची ओळख पटली नव्हती, त्यांची नावे मी शाळेतल्या हजेरीसारखी मोठ्याने वाचत असे आणि ते डोळे मिटून ऐकत. एका मंगळवारी एका नावाला त्यांनी हात वर केला आणि लहान मुलासारखे ‘हजर’ म्हटले. त्यांच्या पत्नी रडू लागल्या. मी ते टाइप केले. पुढच्या मंगळवारी त्यांनी दुसऱ्याच नावाला हात वर केला, तितक्याच खात्रीने. मी तेही टाइप केले.

“आता कुठलं खरं धरायचं?” यजमानांनी विचारले. त्यांच्या कराराचे नूतनीकरण झाले होते. शेरा सरांनीच लिहिला होता, आणि ड्राफ्ट्समनकडून कळले तसा दोनदा टाइप करायला सांगितला होता. टायपिस्टने त्या दिवशी दोन्ही वेळा यंत्रात कागद घातला होता.

“दोन्ही ठेवलीत,” मी म्हणाले.

सर निघण्याआधीच्या शेवटच्या बैठकीची कॅसेट टाइप करायची राहून गेली. ते दोघे गेले, खोके त्यांच्यामागून अमेरिकेतल्या एका संग्रहाकडे जहाजाने जायचे होते, आणि ती एक कॅसेट आमच्या गाडीच्या कप्प्यात आठवडाभर उन्हात पडून होती. ऑगस्टमध्ये एका दुपारी, घरात कोणी नसताना, मी ती यंत्रात घातली. बरेचसे नेहमीचे होते. शेवटी मी विचारते, की आणखी काही सांगायचे आहे का. ते नाही म्हणतात. मग खुर्ची सरकल्याचा आवाज येतो, आणि सर, समोर बसलेल्या म्हाताऱ्या खेळाडूला विचारावे तसे, अतिशय आदराने मला विचारतात, “आणि आपण कोणत्या संघात होता?”

त्या खोलीत मी तेव्हा किती वेळ गप्प होते, हे मला आठवत नव्हते. आता फीत ते मोजत होती. मी पेडल दाबून धरले आणि ठिपके देत गेले, एकामागून एक, अदमासे. ओळ भरली. दुसरी सुरू झाली. मग, उत्तर येण्याच्या क्षणभर आधी, फार दुरून, मला माझाच आवाज ऐकू आला. या वेळी मी मागे वळून पाहिले नाही.

“मी खेळले नाही, सर. मी लिहून घेत होते.”

“छान,” ते म्हणतात. “मग तुम्हाला सगळं आठवत असेल.”

तेही मी टाइप केले.